नवव्या इनपुटचं नाव

सोमवार, ६ जानेवारी
पोचले एकदाची! चिपळूणहून एसटीने पनवेल. स्टँडवर हेतल रिक्षा थांबवूनच उभी होती. ही नोकरी तिनेच मिळवून दिली. पॉलिटेक्निकला आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. आईबाबा गेले तेव्हा महिनाभर ती माझ्याजवळ राहिली. जिथे नोकरी ते सभागृह मोठं आहे, कर्नाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. कंट्रोल रूममध्ये आतापर्यंत ती बसायची, आता तिला ऑफिसात घेतलंय. दुपारी तिने स्वतःच्या डब्यातलं तळलेलं पापलेट माझ्या ताटात वाढलं. वेडी.

मंगळवार, ७ जानेवारी
आज स्विचर सुरू केला. सोळा इनपुट, सोळा पडदे. कुठलं चित्र कुठे जायचं ते हे यंत्र ठरवतं. संगणकावरून त्याला हुकूम द्यायला सिरियल केबल. आधी उत्तरात नुसती कचरा अक्षरं येत होती. बघते तर यंत्राचा वेग १९२००, संगणकाचा ९६००! दोन्हीकडे ९६०० केलं, पॅरिटीची जादा तपासणी बंद केली, लगेच ‘ओके’ आलं. नवव्या इनपुटला केबलच नाही, तरी चित्र दिसतं: दार नसलेली खोली, एक रिकामी खुर्ची. जुनं काहीतरी अडकलं असेल.

गुरुवार, ९ जानेवारी
सकाळी अकराला नववं चित्र आपोआप सगळ्या पडद्यांवर गेलं. हुकूम मी दिला नव्हता. सिरियल केबल काढून हातात धरली, तरी संगणकावर पुन्हा तोच हुकूम उमटला. खुर्चीत आता एक बाई बसलीय, पाठमोरी. ओढणी माझ्यासारखी. हेतल म्हणाली अर्थिंग खराब आहे, लक्ष देऊ नकोस. बोलताना तिने पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.
हजेरीचं यंत्र माझं बोट घेत नाही. रिक्षावालेही थांबेनात.

शुक्रवार, १० जानेवारी
झाडायला येणाऱ्या भामाबाईंनी पडदा पाहिला आणि झाडू तिथेच टाकला. “हेतलमॅडम बसायची त्या खुर्चीत,” त्या म्हणाल्या. “रोज दिसायची. तू आलीस नि ती सुटली. मी बोलले तिला, पोरीला सांगा. तर मलाच गप केलं. आमी काय करनार? आमचं कोन ऐकतं?”

शनिवार, ११ जानेवारी
प्रत्येक इनपुटला नाव देता येतं, ते यंत्रात साठतं. आज यादी मागवली. नऊ: अनुया. माझं नाव. नोंद ३ जानेवारीची. मी आले सहाला. त्याआधी तिथे नाव होतं हेतल.
पुसायचा हुकूम दिला. नाव रिकामं चालत नाही.
हेतलला विचारलं. ती रडली, पण नाकारलं नाही. “माणसांना मी दिसेनाशी होत चालले होते, अनु. घरी लेक आहे माझी. दुसरं नाव टाकल्यावरच सुटले. तुझ्यामागे रडणारं कोण आहे?”
माझ्यामागे रडणारी एकच होती, ती हीच.

सोमवार, १३ जानेवारी
पडद्यावरची बाई वळली. मीच —
भामाबाई खोली झाडून गेल्या. मी हाका मारल्या. त्यांना ऐकूच गेलं नाही.
दुसरं नाव टाकता येईल. भामा — टाइप केलं. पुसलं. नाही. मी नाही टाकणार कुणाचं.
हेतल आलीय. बरोबर नवी मुलगी, कुमुद. हेतल तिला सांगतेय, आधीची न सांगताच निघून गेली. मी समोर आहे. हेतलला मी दिसतेय — डोळे भरलेत तिचे — तरी —
ओरडतेय. हात धरला तिचा. तिने तो सोडवून —
कुमुदने विचारलं, ही वही कुणाची. कुणाची नाही गं, म्हणत हेतलने ती उच