अहो-बाबांचा फ्यूज

इल्फर्ड,
९ जानेवारी २०२५

चि. अक्षयास,
अ. आ.

पत्र मिळालं. फोनवर तू लगेच इंग्लिशमध्ये सुटतेस, म्हणून तुझ्या मराठी पत्राची मी वाट बघत असतो. या वेळी मात्र वाचून डोकंच फिरलं. तुमचा बॉयलर बंद, डिस्प्ले काळा, घर गारठलेलं, आणि पुढे काय, तर म्हणे बाबांनी फ्यूज बदलला! अगं, बाबा तर इथे सोफ्यावर बसलाय. मग उजेड पडला की हे बाबा म्हणजे अजयराव, तुझे सासरे. नाशिकहून येऊन त्यांना महिनासुद्धा झाला नाही.

तीस वर्षं मी या देशात लोकांच्या घरांतलं वायरिंग केलं. क्रॉयडन काही चंद्रावर नाही, दीड तासात आलो असतो. पण आम्हाला विचारतंय कोण? जळतोय मी, सरळ सांगतो.

बरं, घरातले दिवे चालू होते का? फ्यूजबोर्ड पाहिलात? बॉयलरजवळच्या स्विचमध्ये फ्यूज कितीचा घातला, तीन अँपिअरचा की हाताला लागला तो? फ्यूज उगाच जात नाही. पुन्हा गेला तर इंजिनिअर बोलाव, अजयरावांना कव्हर उघडू देऊ नकोस. आणि बॉयलर 'तो' असतो, 'ती' नाही.

वाटून लोभ उरला असेल तर इकडेही पाठव.

तुझा मूळचा बाबा


क्रॉयडन,
१४ जानेवारी

ती. बाबास,
सा. न.

किती जळशील रे! डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. बोलावलं असतं तर तू स्टुलावर चढला असतास.

आता ऐक. दिवे चालू होते, फ्यूजबोर्ड ठीक होती. अहो-बाबा किटलीच्या प्लगमधली तेराची फ्यूज काढून घालत होते. मी म्हटलं, नको, तीनचीच, बाबा म्हणतो. त्यांनी विचारलं, मी कधी म्हणालो? मी सांगितलं, तुम्ही नाही, माझा बाबा. मग, आधी स्विच बंद करा, बाबा म्हणतो. पुन्हा गेली तर हात लावायचा नाही, बाबा म्हणतो. असं पाच वेळा तरी झालं. शेवटी ते स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन बाहेर जाऊन बसले. फ्यूज मीच बदलली. पत्र लिहिताना ते शेजारी होते, म्हणून त्यांचं नाव लिहिलं.

काल आपल्या लेकाला, समरला विचारत होते, की तू कधी कुणाला 'बाबा म्हणतात' असं सांगितलंयस का. समरला एकपण वेळ आठवला नाही. मला खूप वाईट वाटला.

लोभ मागावा लागतो का तुला?

तुझी अक्षया


इल्फर्ड,
१७ जानेवारी

चि. अक्षयास,
अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कॉलर ताठ झाली, खोटं कशाला बोलू! तिसऱ्यांदा मात्र समरच्या त्या ओळीवर अडकलो. बिचारे अजयराव.

रविवारी त्यांना इकडे घेऊन ये, समरलाही आण. माझा बॉयलर गेलाय, मला अजून नीट दिसत नाही, तेवढं बघा, असं त्यांना सांग. बॉयलर ठणठणीत आहे. तुम्ही यायच्या आधी मी त्याच्याजवळचं बटण बंद करून ठेवीन. त्यांना शोधू दे, समरला बघू दे. मी तोंडातून ब्र काढणार नाही.

दहा मिनिटांत नाही सापडलं तर मात्र माझ्या जिभेचा भरवसा नाही.

माया राहू दे.

तुझा बाबा