स्वरतंतू म्हणाले, स्वरयंत्र होतं

प्रिय अण्णा,

आज तुमचं पुण्यानुमोदन झालं. नाशिक रोडची अख्खी कॉलनी विहारात जमली होती. आई आल्यागेल्याला एकच सांगत होती, "डॉक्टरनं ऐन वेळेला फसवलं वो, नाय तर माझं माणूस बोलत बोलत गेलं असतं!" मी तिथंच चहा देत होते. गप्प बसले. म्हणून लिहितेय.

तुमचा आवाज बसला तेव्हा सगळे हसण्यावारी नेत होते. मास्तरांचा घसा, दुसरं काय! सहा महिने ज्येष्ठमध चघळलात, मिठाच्या गुळण्या केल्यात. मीसुद्धा तेच करायला लावलं. तेव्हाच का नाही नेलं तुम्हाला?

नववीत तुम्हीच आम्हाला मराठी शिकवायचात. गळ्यावर हात ठेवायला लावून 'स' म्हणायला सांगायचात, मग 'झ'. "थरथरलं? ते स्वरतंतू. दोन बारक्या घड्या. आणि त्या ज्यात बसवल्यात ते स्वरयंत्र. एकाच्या जागी दुसरं लिहाल तर मार्क कापीन!" माझा कापलात. पोटची पोर म्हणूनही सोडलं नाहीत.

म्हणजे मला फरक येत होता, अण्णा. चांगला येत होता.

डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, वडिलांना तुम्हीच समजवा. तुम्ही तर आधीच बजावलं होतं, "आवाज जाणार असेल तर मला घरी ने, सुजे." मी ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन खाटेजवळ आले आणि म्हणाले, "स्वरतंतूंवरची गाठ काढणार आहेत फक्त." तुम्ही चष्मासुद्धा शोधला नाहीत. "तू वाचलंस ना? मग झालं," म्हणालात आणि सही केलीत.

का नाही वाचलात तो कागद? पोरांच्या वहीतला एक अनुस्वार सुटायचा नाही तुमच्या नजरेतून!

शुद्धीवर आल्यावर हात गळ्याकडे गेला. तिथं भोक होतं. वही मागितलीत, लिहिलंत, "तू वाचलं होतंस ना?" मी म्हणाले, डॉक्टरांनी आत गेल्यावर ठरवलं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वही मिटलीत. पुढे आईसाठी लिहायचात, शेजाऱ्यांसाठी लिहायचात. माझ्यासाठी एक ओळ नाही.

दर पौर्णिमेला विहारात वंदना तुम्ही सुरू करायचात. ऑपरेशननंतर मागच्या भिंतीला टेकून बसायचात, ओठही हलवायचा नाहीत. मी पुढच्या रांगेत बसून मोठ्यानं म्हणायचे. कसली निर्लज्ज मी!

आणि एवढं करून मिळालं काय? आठ महिने. आजार परत आलाच. तुम्ही तसेही जाणार होतात, मी फक्त मुकं करून पाठवलं. मला तुम्ही हवे होतात हो, कसेही! पण तुम्हाला कुठं तसं राहायचं होतं?

उद्या आईला सगळं सांगणार आहे. शब्द देते. ती माझं तोंड बघणार नाही, ठाऊक आहे मला. शेवटी पोरीला माफ केलं असेल त्यांनी, असं कुणी म्हणालंच, तर नाही म्हणून सांगेन. तुम्ही केलं नव्हतं.

जय भीम, अण्णा.

तुमची,
सुजाता