हात वर

मंगळवार, संध्याकाळ

हेड ऑफिसला गोदामातल्या लोकांसाठी रोज दहा मिनिटं व्यायाम हवाय. आखणी माझ्याकडे. आज शिफ्ट सुटताना आमच्या 'पूर्णा' गोदामाच्या आवारात पहिल्यांदा करून बघितला. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हटलं, "हात वर."

सगळ्यांनी हात वर केले, पाय फाकवले आणि तसेच थांबले. गेटवर रोज झडतीला थांबतात तसे. पॅकिंगच्या वंदनाताईंनी तर ॲप्रनचे खिसेही उलटे केले.

"हितंच तपासा ना मॅडम. मंग गेटवर थांबाया लागनार न्हाय."

"ताई, हा व्यायाम आहे."

बरं म्हणाल्या. हात मात्र खाली घेतले नाहीत.

मॅनेजरसाहेबांनी फोटो काढला. काय शिस्त आहे म्हणाले, उद्यापासून रोज घ्या. त्यांना काय सांगणार होते मी? झडती बंद करा? माझं कोण ऐकतंय.

ते उलटे खिसे डोळ्यांसमोरून जात नाहीत. हात वर न करता करायचे व्यायाम शोधत बसलेय. मान डावीकडे, मान उजवीकडे. पुढे काही सुचत नाही.

निघताना वॉचमनने मला सलाम केला. पर्स उघडायला लावली नाही. कधीच लावत नाही.