खिडकीचा शॉट

५ फेब्रुवारी

सकाळी फोन. निर्मात्याचा मुलगा. बाप गेला, आता सगळा कारभार हा बघतो. आमच्या त्या सिनेमाचं मूळ निगेटिव्ह सापडलंय म्हणे. साफसूफ करून पुन्हा थिएटरात लावायचा आहे. लॅबमध्ये रंग जुळवायला त्या वेळचा कोणीतरी शेजारी बसायला हवा. मास्तर आता नाहीत, कॅमेऱ्याकडचे तुम्हीच उरलात, काका.

म्हणजे उरलासुरला म्हणून मी! चला, हेही नसे थोडके.

लगेच हो म्हणालो. जरा ताठा दाखवून दोन दिवस थांबायला हवं होतं, तेवढंही जमलं नाही.

ही विचारते, ‘कुठला सिनेमा?’ एकतीस वर्षं ज्या सिनेमावरून मी या घरात आदळआपट केली, तो हिला आठवत नाही. आठवतो. मुद्दाम विचारते.

७ फेब्रुवारी

अट घातली. सुरुवातीला मास्तरांच्या नावाखाली वेगळी पाटी हवी — ‘खिडकीचं दृश्य’, आणि पुढे माझं नाव. नाहीतर मी येत नाही.

वाटलं होतं घासाघीस करेल. तर म्हणाला, ‘चालेल काका. बाबाही म्हणायचे, मास्तर स्वतःच तसं सांगतात.’

सांगत असतील तोंडदेखलं! घरात बसून चार टाळक्यांना सांगायला काय जातं? बक्षीस घेताना समोर माइक होता, तेव्हा का दातखीळ बसली?

८ फेब्रुवारी

झोप झाली नाही नीट. एकदा सगळं लिहूनच काढतो.

मी मास्तरांचा पहिला असिस्टंट. वय छत्तीस. मास्तर म्हणजे कॅमेऱ्यामागचा देवमाणूस, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. त्या दिवशी मास्तरांना सणसणून ताप. नटीची तारीख पुन्हा मिळणार नव्हती. दिग्दर्शक हात चोळत बसला होता. मास्तरांनी निरोप धाडला — ‘त्याला घेऊ दे. फोटोवाला आहे, खिडकी त्याला कळते.’

लांब ओसरी. टोकाला अंधार. त्या अंधारातून म्हातारी झालेली ती बाई चालत येते, चालत येते, खिडकीशी बसते, आणि हाताने एक दार लावून घेते. तोंडावरचा अर्धा उजेड जातो. बस. एवढंच. संवाद नाही. खिडकीच्या पडद्याचं टोक मी दोऱ्याने बांधलं होतं, उजेडाचा एक पट्टा फक्त तिच्या गालावर यावा म्हणून. दोन टेक झाले. दिग्दर्शक येऊन पाठीवर थाप मारून गेला.

संध्याकाळी घरून निरोप आला, वडील अत्यवस्थ. तसाच निघालो. वडील गेले. सगळं आटपून परत आलो तेव्हा सेट मोडला होता. मास्तरांना विचारलं, शॉट कसा आला? म्हणाले, ‘चांगला आलाय. आहे सिनेमात.’

सिनेमात होता! लोक त्या शॉटला उभे राहिले. परीक्षकांनी निवाड्यात खास त्याचाच उल्लेख केला. बक्षीस कोणाला? मास्तरांना. भाषणात माझं नाव नाही. निर्मात्याचे आभार, दिग्दर्शकाचे आभार, अगदी लाइटवाल्यांचेसुद्धा आभार!

दुसऱ्या दिवशी घरी जाऊन तोंडावर विचारलं. वहिनी समोर होत्या. मास्तर उठले, बक्षिसाची ती पितळी बाहुली कपाटातून काढली आणि म्हणाले, ‘तुझाच शॉट. घेऊन जा ही.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. भीक घालताय का, असं काहीतरी बोललो. आणखीही बोललो. जिना उतरलो तो पुन्हा चढलो नाही. मास्तर गेले तेव्हाही नाही. ही एकटी जाऊन आली.

११ फेब्रुवारी

उद्यापासून लॅब. जुनी पेटी उघडून उजेड मोजायचं मीटर काढलं. काटा अजून हलतो.

हे मीटर मामाचं. मामाचा फोटो स्टुडिओ. अकराव्या वर्षापासून मी तिथे. मागे रंगवलेला बगीचा, पुढे एक स्टूल. मामा काळ्या कापडात डोकं घालून म्हणायचा, ‘हसा... हलू नका.’ अख्खं गाव मामाने असं थिजवून ठेवलं. हललेला फोटो आला की माझ्या टाळक्यात टपली. माणूस हलला तरी टपली मलाच.

पहिल्या दिवशी शूटिंगला गेलो तर नटीचा चेहरा घ्यायचा म्हणून सिनेमाचा कॅमेरा आडवा पाडायला निघालो! उभा फोटो काढायची सवय. युनिट पोट धरून हसलं. तेव्हापासून माझं नाव ‘उभ्या’. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, ‘फोटोत माणूस तुझ्यासाठी थांबतो. इथे तो थांबणार नाही. त्याच्याबरोबर जायला शीक.’

मोठं वाक्य! वहीत लिहून ठेवलं होतं मी तेव्हा. मूर्ख.

१२ फेब्रुवारी

लॅब म्हणजे काळी खोली, दोन खुर्च्या, एक पडदा. रंग जुळवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान. मी मनात तिला रंगवाली म्हणतो. सर, सर करते. हात गोड आहे, पण सगळं जरा जास्तच उजळ करते. आजकालच्या लोकांना अंधाराची भीती वाटते.

तिने विचारलं, ‘या सिनेमानंतर तुम्ही काय काय केलंत, सर?’

सांगितलं. मास्तरांना सोडल्यावर कोणाच्या हाताखाली राहायचं नाही असं ठरवलं. मग दोन सिनेमे — एक पडला, एक लागलाच नाही. मग साबणाच्या जाहिराती. मग मालिका, रोजचे वीस शॉट, सगळीकडे सारखाच उजेड. मग लग्नं. स्टेजवर पाहुणे रांगेने येतात, आपण म्हणायचं, इकडे बघा. फिरून मामाच्या स्टुलाशीच आलो.

एवढं नाही सांगितलं. ‘बरंच काही’ म्हणालो.

पण खिडकीच्या शॉटचं सांगितलं. माझा आहे म्हणून. तिने खुर्ची वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

कंबर गेली. तरी गेलो.

१६ फेब्रुवारी

आज खिडकी. एवढ्या मोठ्या पडद्यावर, इतकी स्वच्छ, मी कधीच पाहिली नव्हती. ती अंधारातून येते तेव्हा पापणीन्‌पापणी दिसते. चालताना साडीचा काठ पायात अडकतो, ती तो सोडवते, ते दिसतं. डोळे भरले. रंगवालीने बघून न बघितल्यासारखं केलं.

एक गोष्ट खटकली. खिडकीच्या कट्ट्यावर काचेचा पेला. तो मी काढायला लावला होता, चमकत होता म्हणून. पक्कं आठवतं. पुन्हा कोणीतरी ठेवला असेल. युनिटमध्ये चहा पिऊन पेले कुठेही ठेवायची पद्धतच होती.

शॉटच्या सुरुवातीच्या काही फ्रेम फाटल्यात. ती म्हणाली, कापून टाकलेल्या तुकड्यांचे डबे सापडलेत, त्यांत शोधते.

१७ फेब्रुवारी

मुलीचा फोन. तिने सगळ्यांना सांगून टाकलंय — बाबांचं नाव येणार पडद्यावर. शाळेत असतानाही सांगायची, आणि मैत्रिणींना खरं वाटायचं नाही. रडत घरी आली होती एकदा. आता जावयाचं सगळं ऑफिस येणार आहे म्हणे.

हिने माझा कोट उन्हात टाकला.

२० फेब्रुवारी

लिहू की नको.

लिहितो.

डबा सापडला. रंगवालीने तुकडा लावला. शॉटच्या आधी क्लॅपची पाटी. खडूने लिहिलेलं — सीन, शॉट, टेक चार. खाली तारीख. चौदा.

मी म्हटलं, चुकलंय. मी दोनच टेक घेतले, आणि नऊ तारखेला.

ती म्हणाली, ‘सर, नऊ तारखेचाही तुकडा आहे. लावू?’

लावला. तोच अंधार, तीच ओसरी. पडद्याचं टोक दोऱ्याने बांधलेलं. कट्ट्यावर पेला नाही. बाई चालत येते — आणि सगळं धूसर. चेहरा नाही, काही नाही, नुसता एक डाग चालत येतोय. वीस सेकंद डाग. मग ती खिडकीशी येऊन बसते आणि एकदम लख्ख! काय सुंदर फोटो! मामाने काचेच्या पेटीत लावला असता.

फोकस खिडकीवर. मी टेपवाल्याला — लेन्सपासून नटीपर्यंत टेप लावून फोकस फिरवणारा आमचा गडी — सांगितलं होतं, रिंगला हात लावू नकोस. खिडकीवर ठेव, मागचं आपोआप धरेल. मग ढग आला. उजेड कमी पडला म्हणून मी लेन्स आणखी उघडली. लेन्स उघडली की मागचं धरत नाही, धूसर होतं, हे शेंबड्या पोराला कळतं. मला ती फक्त बसलेली दिसत होती. चालणारी बाई मी पाहिलीच नव्हती.

रंगवालीने पाणी आणून दिलं.

घरी येऊन त्या वर्षीची रोजनिशी काढली. नऊ तारीख — ‘खिडकी घेतली. एक नंबर!’ चौदा तारीख — एकच ओळ. ‘आज वडील गेले.’

२१ फेब्रुवारी

टेपवाल्याला फोन लावला. ऐकू कमी येतं त्याला. ओरडून विचारलं.

‘तुला आत्ता कळलं होय?’ म्हणाला.

मग सांगितलं. लॅबमधून शॉट धुऊन आला तो तेराला सगळ्यांनी पाहिला. दिग्दर्शक शिव्या घालत होता. मास्तर अंगात कणकण असताना चौदाला येऊन उभे राहिले. नटीच्या हातापाया पडून दोन तास मिळवले. माझी फ्रेम तशीच ठेवली, उजेडाचा पट्टा तसाच, दोऱ्याची गाठसुद्धा सोडली नाही. फक्त फोकस स्वतः फिरवला, पावलागणिक. आणि सगळ्यांना बजावलं — ‘त्याचा बाप चाललाय. परत आल्यावर यातला चकार शब्द कोणी काढायचा नाही. शॉट त्याचाच.’

‘म्हणून त्यांनी भाषणात तुझं नाव घेतलं नाही,’ टेपवाला म्हणाला. ‘घेतलं असतं तर मागे कोणीतरी फिस्सकन हसलं असतं. आम्ही सगळे बसलो होतो ना तिथे.’

२२ फेब्रुवारी

राग येतोय. कोणाचा ते कळत नाही.

हे कसले उपकार? चार शिव्या घातल्या असत्या, मामासारखी एक टपली मारली असती, तर शिकलो असतो. वर्षभराने तरी सांगायचं. बाहुली पुढे केली त्या दिवशी सांगायचं. मी तोंडाला येईल ते बोलत होतो आणि हा माणूस गप्प उभा! मला वाटलं, चोर आहे म्हणून गप्प आहे.

आयुष्यात एकच गोष्ट धड केली होती मी. बाकी सगळं नशिबाने खाल्लं, मास्तरांनी खाल्लं, असं म्हणत आलो. आता काय म्हणू? एक चुकलेला फोकस आणि एकतीस वर्षांचा थयथयाट. एवढीच माझी कारकीर्द.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. हात थांबले. म्हणाली, ‘त्यांच्या अंत्ययात्रेला तरी यायला हवं होतंत.’ आणि पुन्हा निवडायला लागली.

२४ फेब्रुवारी

निर्मात्याच्या मुलाने पाटीचा नमुना पाठवला. काळ्यावर पांढरं. माझं नाव. अक्षर सुरेख आहे. ‘काका, ओके करा म्हणजे पुढे पाठवतो.’

दिवसभर बघत बसलो. कोणाला कळणार आहे? टेपवाल्याला ऐकू येत नाही. रंगवाली बोलायची नाही. मुलीने जावयाचं ऑफिस बोलावलंय.

कळवलं नाही काहीच.

२६ फेब्रुवारी

मास्तरांच्या घरी गेलो. आधी वहिनींना सांगायचं, मग निर्मात्याच्या मुलाला पाटी काढायला, असं ठरवून. जिना तोच. दार वहिनींनीच उघडलं. वाकल्यात, पण ओळखलं. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं — वहिनी, तो खिडकीचा शॉट माझा नव्हता. मास्तरांचा होता. मी चुकलो.

त्या हसल्या. ‘काहीतरीच काय, भाऊजी. आल्यागेल्याला सांगायचे हे, शेवटच्या दुखण्यातसुद्धा — तो शॉट त्याचा, बाहुली त्याची, नेऊन द्या. आत या. पुसून ठेवलीय.’

पुन्हा सांगितलं. तारीख सांगितली, पेला सांगितला, फोकस सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहुली माझ्या हातात दिली. त्यांना खरं वाटलं नाही.