पुढच्याचा मफलर

सोमवार, १ डिसेंबर

साडेपाचला निघालो. या आठवड्यात गाडी भानुदासकडे, मी मागे. एक आठवडा तो, एक आठवडा मी. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यापासून हेच. गाडी माझी, मफलर त्याचा. वहिनींनी विणलेला, तपकिरी, चांगला लांब. पुढे बसेल त्याने मफलर गुंडाळायचा, हे त्यानंच पहिल्या दिवशी ठरवून टाकलं. पुढच्याच्या हेल्मेटची काच दिवाळीत फुटली, ती नवी आणायचं काम माझ्याकडे आहे. अजून आणली नाही.

बेलापूर सोडून कॅनॉलच्या रस्त्याला लागलं की गारठा कापडात शिरतो. शर्टाच्या आत कालचा पेपर. भा. म्हणतो, "पेपर वाचून न्हाई येत तेवडी ऊब छातीला लावून येती."

ऊसतोड टोळीच्या पाचटाच्या कोप्या दिसल्या की भा. शीळ घालतो. हातमोजे काढायला नकोत म्हणून नुसत्या ओठांनी. टोळीला कळतं, कारखान्याकडून तोडीच्या चिठ्ठ्या आल्या. मग पाचटाची शेकोटी, मुकादमाचा काळा चहा, बोटांत जीव येतो.

दुपारी तीनला परत. त्याच्या दारात उतरताना त्याचा एकच शब्द, "साडेपाच." म्हणजे उद्याचे. राम राम नाही, येतो नाही, नुसतं साडेपाच.

सोमवार, ८ डिसेंबर

माझा आठवडा. रात्री कुशीवर अवघडून झोपलो, उजवा खांदा जखडला. खरंच जखडला होता, हे इथे लिहून ठेवतो. हात वर होईना. भा.ला सांगितलं तर म्हणाला, "मग उतर की मागं. मी हाय ना."

मागे बसलो. त्याच्या पाठीला तोंड लावलं, दोन्ही हात त्याच्या स्वेटरच्या खिशात. बरं वाटलं.

बुधवार, १० डिसेंबर

खांदा मोकळा झाला. अंघोळीच्या वेळी दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहिले, काही नाही.

सकाळी सु. म्हणाली, बाहेर फार गारठा आहे, कानटोपी घ्या. दार उघडलं तर धुकं अंगणापर्यंत आलेलं. भा.च्या दारात गेलो. त्यानं विचारलं, "खांदा कसा हाय?"

तोंडातून निघून गेलं, "तसाच आहे."

एवढंच. त्यात ठरवून काही नव्हतं. उद्या सांगेन.

शुक्रवार, १२ डिसेंबर

नाही सांगितलं. वहिनींनी बाटलीतून तेल दिलं, ओवा घालून कढवलेलं. "झोपताना चोळा भाऊजी, आखडलेलं सुटतं." बाटली घेतली. घरी कपाटामागे ठेवली. सु.ला वास आला, तिनं विचारलं कसलं तेल. म्हणालो, वहिनींनी दिलं. कशाला दिलं ते नाही सांगितलं.

सोमवार, १५ डिसेंबर

आजपासून तसाही त्याचा आठवडा. म्हणजे या आठवड्यात खोटं बोलायचं काम नाही. असा विचार मनात आला आणि हायसं वाटलं. माझी मलाच किळस आली, पण हायसं वाटलं हेही खरं.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज फारच. ओढ्याच्या उतारात गार हवेचा पट्टा बसलेला असतो, तिथे गुडघे दुखायला लागले. मी मागून कण्हलो असेन. भा.नं गाडी बाजूला घेतली. गळ्यातला मफलर सोडला आणि माझ्या उजव्या खांद्यावरून काखेतून गुंडाळला, वर गाठ मारली.

मी म्हणालो, "अरे, पुढच्याचा आहे तो."

"पुढच्याला इंजिनाची धग लागती. तुज्या खांद्याला ऊब पायजे."

इंजिनाची धग पिंढऱ्यांना लागते. तोंडाला काय लागतं ते मला माहीत आहे. मफलर ठेवून घेतला.

शनिवार, २० डिसेंबर

चार दिवस मफलर माझ्या अंगावर. घरी येताना काढून द्यायला गेलो तर म्हणाला, ठेव तुझ्याकडंच, सकाळी विसरशील. खुंटीवर लटकतोय. त्याला वहिनींच्या चुलीचा वास आहे.

सोमवार, २२ डिसेंबर

माझा आठवडा. त्यानं विचारलंसुद्धा नाही, सरळ पुढे बसला.

उसाच्या फडात ट्रक भरणं चाललं होतं. एक बाई मोळी डोक्यावर घ्यायला वाकली, तिचा नवरा वर ट्रकमध्ये. मला म्हणाली, "सायेब, जरा हात लावा." मी लावला. दोन्ही हातांनी मोळी उचलली आणि तिच्या चुंबळीवर ठेवली. खांद्याच्या वर, चांगली वर. बाई गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

मागे वळून बघितलं. भा. दहा पावलांवर, हातात चिठ्ठ्यांचं पुस्तक. खाली बघून लिहीत होता.

त्यानं बघितलं की नाही? परत येताना कॅनॉलवर नेहमीसारखी शीळ चालू होती. बघितलं असतं तर शीळ घातली असती का. दारात म्हणाला, "साडेपाच."

बुधवार, २४ डिसेंबर

आजही तोच पुढे. मफलर आजही माझ्याकडे. हेल्मेटच्या काचेचं दुकान रस्त्यात लागतं. दुकान उघडायच्या आधी जातो, येताना थांबायचा कंटाळा. एवढंच कारण आहे. दुसरं नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

साडेपाचला त्याच्या दारात उभा. भा. बाहेर येईना. वहिनी आल्या, पदर तोंडाला. "चूळ भरताना पाणी ओघळलं भाऊजी. तोंड बगा कसं झालंय."

आत गेलो. खाटेवर बसला होता. डावा गाल खाली उतरलेला, ओठ एका बाजूला ओढलेले, डावा डोळा मिटत नव्हता. मला बघून हसला. अर्धाच.

"आश्या, मला वाटलं मेलो," म्हणाला. प आणि म नीट निघत नव्हते.

श्रीरामपूरला नेलं. डॉक्टर तरुण. कपाळाला आठ्या पाडा म्हणाले, डोळे मिटा म्हणाले. मग म्हणाले, लकवा नाही, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. गोळ्या, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी. बहुतेकांचं महिना-दोन महिन्यांत सुधारतं. धुळीत गाडी चालवायची नाही.

मी विचारलं, वाऱ्यानं झालं का? गार वाऱ्यानं?

"तसं नक्की सांगता येत नाही. लोक म्हणतात. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं."

मी बाहेर येऊन परत आत गेलो आणि परत तेच विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आजारी भा. आणि उत्तर हवं होतं मला.

रविवार, २८ डिसेंबर

गावात सगळ्यांचं एकच. "वारं लागलं. गाडीवरचं वारं." डॉक्टरांचं म्हणणं मी चार जणांना समजावून सांगितलं, फार तळमळीनं. पाचव्याला सांगताना स्वतःचा आवाज ऐकू आला, मग गप्प बसलो.

सोमवार, २९ डिसेंबर

एकटा गेलो. किती आठवड्यांनी पुढे बसलो. काच नसलेल्या हेल्मेटमधून वारा सरळ दातांवर येतो. डोळ्यांतून पाणी, ते कानाकडे जातं आणि तिथेच गार होतं. ओढ्याच्या उतारात गाल आहेत का नाहीत तेच कळेना. हातानं चाचपले. हे चार आठवडे त्यानं रोज घेतलं.

मफलर डिकीत होता. घातला नाही. असाच गेलो, म्हटलं भोगू दे. फडावर पोचल्यावर कळलं की हा सगळा तमाशा मी मलाच दाखवतोय. भा.च्या गालाला यातलं काही पोचत नाही. येताना मफलर घातला.

शीळ मला येत नाही. हॉर्न वाजवला. मुकादमानं कोपीतून डोकं काढलं, "कोन हाय?" ओळखलंच नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर

शेतकी अधिकाऱ्यांनी बोलावलं. भानुदासची रजा, गटाचं काम, वगैरे. मध्येच विचारलं, "गाडी कोण चालवायचं?"

"आळीपाळीनं," म्हणालो.

आता हे दुसरं खोटं. पहिलं थंडीमुळे तरी झालं होतं.

शनिवार, ३ जानेवारी

हेल्मेटला काच बसवली. दुकानात पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं.

मंगळवार, ६ जानेवारी

सु.नं कपाट झाडलं, तेलाची बाटली निघाली. बूच तसंच. ती बाटली हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी काल भेटल्या. विचारत होत्या, भाऊजींच्या खांद्याला गुण आला का. कसला खांदा?"

मी पेपर वाचत होतो.

"हे तेल आणलंत त्याच रविवारी तुम्ही टाकी धुवायला गच्चीवर चढलात, बादल्या वर ओढल्यात. तेव्हा काही दुखत नव्हतं."

सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. वाटलं ती चिडेल. ती खाली बसली, बाटली पदरानं पुसली.

"त्यांना सांगा. मी नाही सांगणार आणि वहिनींनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

शुक्रवार, ९ जानेवारी

गेलो होतो सांगायला. भा. आरशासमोर बसून व्यायाम करत होता. गाल फुगवायचा, तर हवा डावीकडून फुस्स. फुंकर मारायची. शीळ घालायची, डॉक्टरांनी तेही सांगितलंय. ओठ जुळवतो, नुसती हवा येते. दहा वेळा, वीस वेळा. त्याची धाकटी दारात उभी राहून हसली, मग आत पळाली. रडत असावी.

मला म्हणाला, "टोळी काय म्हंती? शिळीबिगर कळतं का त्यास्नी?"

म्हणालो, "वाट बघतात तुझी."

सांगितलं नाही. दूध घालून केलेला चहा प्यालो. वहिनींनी खांद्याचं विचारलं. "बरा आहे," म्हणालो. त्यांना आनंद झाला. तेलानंच गुण आला म्हणाल्या.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन त्याच्याकडे. त्यानं एक वडी तोंडात टाकली, डाव्या गालात अडकली, बोटानं काढावी लागली. हसून म्हणाला, "गोड बोलाया तोंड तरी सरळ पायजे लेका."

सगळे हसले. मीही हसलो. आज सांगणार होतो. सणाच्या दिवशी कशाला, असं मनाला समजावलं. माझ्याकडे कारणांचा तुटवडा कधीच नसतो.

सोमवार, १९ जानेवारी

थोडा फरक आहे. डोळा निम्मा मिटतो. डॉक्टर म्हणाले चांगली लक्षणं. बाहेर आल्यावर भा.नं माझ्या दंडाला धरलं, म्हणाला, "तू नस्तास तर मला कुनी आनला असता इतं?"

उजवाच दंड. जरा दाबूनच धरला होता. का मलाच तसं वाटलं?

हल्ली प्रत्येक गोष्टीत शोधतो, त्याला कळलंय का. कळलं असेल तर तो तेव्हापासून गप्प आहे, मोळी उचलली तेव्हापासून. म्हणजे कळूनही पाच दिवस पुढे बसला. कळूनही मफलर मागितला नाही. हे जास्त वाईट. त्यापेक्षा त्याला काही माहीत नसलेलं बरं, असं वाटतं. आणि त्याला माहीत नाही म्हणूनच मला सांगायचं आहे, असंही आहे. डोकं चालत नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

भा. सोमवारपासून येतोय. गॉगल लावून, मागे बसून. वहिनींनी निरोप पाठवला, भाऊजींना म्हणावं हळू चालवा.

मफलर धुतला. सु. म्हणाली मी धुते. नको म्हणालो. गार पाण्यात लोकर फार वेळ पिळता येत नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

साडेपाचला त्याच्या दारात. थंडी उतरणीला लागली आहे, तरी कॅनॉलवर होतीच. मफलर घडी करून त्याच्या हातात दिला. त्यानं घडी मोडली आणि माझ्याच गळ्यात गुंडाळला. नाकावरून घेतला, मागे गाठ मारली.

"पुढच्याचा हाय त्यो."

आता तर काचही होती. 

निघालो. त्याचे हात माझ्या स्वेटरच्या खिशात. ओढ्याचा उतार गेला. कोप्या दिसायला लागल्या तसं मागून त्यानं ओठ जुळवले असणार. शीळ नाही आली. नुसती फुंकर. मफलरच्या वर, मानेवर, गरम. परत केली, परत तेच.

मग म्हणाला, "अशोक, खांदा?"

"बरा आहे."

"कदीपास्नं?"

वारा होता, हेल्मेट होतं. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं. पुढे बघतच म्हणालो, "त्या बुधवारपासून. तिसऱ्या दिवसापासून. मला थंडी सोसत नव्हती, भानुदास. मी खोटं बोललो. साहेबांना पण."

 मग वळून बघितलं. काळा गॉगल, आणि त्या चेहऱ्याची एक बाजू अजून हलत नाही. रागावलाय, का रडतोय, का त्याला हे आधीच ठाऊक होतं, काही म्हणता काही कळेना. ती बाजू माझ्यामुळेच वाचता येत नाही.

"चल," म्हणाला. "टोळी खोळंबली आसंल."

दिवसभर कामाचं बोलला. चिठ्ठ्या, गाड्या, कुठला फड आधी. शेकोटीजवळ मुकादमानं त्याला बसायला पोतं दिलं, माझ्यासाठी भा.नं जागा केली नाही, केली असती तरी मी बसलो नसतो.

तीनला त्याच्या दारात उतरला. हात पुढे केला. मी मफलर काढून दिला. तो घेऊन आत गेला.

साडेपाच म्हणाला नाही.

हेल्मेट, कानटोपी, छातीला लावायचा पेपर काढून ठेवलं आहे. उद्या साडेपाचला जाऊन त्याच्या दारात उभा राहणार.