बादलीत पोहणारा मोजा

प्रिय ताई,

अंगात त्राण नाही, तरी आज सुट्टी आहे म्हणून लिहायला बसले. छकुली शेजारी झोपली आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात सध्या दोन बायकांचं काम मी एकटी ओढते. दिवसभर ओल्या चादरी उचलून घरी येते, तेव्हा जीभसुद्धा उचलत नाही.

तीन महिन्यांपूर्वी लेकीला तुझ्याकडून आणलं, ते भांडूनच. तीन वर्षं तू तिला सांभाळलंस आणि मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "तुझी बडबड पुरे झाली, मुलगी माझी आहे." तू मात्र तिच्या चपलेचा पट्टा लावत तिलाच विचारत होतीस, "आधी कुठला पाय? हा रुसलेला, की तो हसरा?" मला तो पोरकटपणा वाटला.

छकुली इथे आली आणि हळूहळू गप्पच झाली. मला वाटलं, शहाणी झाली. मी बोलायचे ते एवढंच: जेव, आवर, झोप. मधल्या वेळात हातात मोबाइल. मग एकदा पाळणाघरातल्या बाईंनी मला थांबवलं. "ही नुसती बोट दाखवते हो. घरी हिच्याशी गप्पा कोण मारतं?" माझी मान खाली गेली. त्या म्हणाल्या, "शिकवत बसू नका. ती जे बघते त्याबद्दल बोला, आणि तिच्या उत्तरासाठी थांबा."

थांबणं फार अवघड गं, ताई. दमलेल्या माणसाला तर फारच. आठ दिवस मी भिंतीशी बोलावं तशी बोलले. घरी कपड्यांच्या घड्या घालताना विचारायचे, हा मोजा कुणाचा? ह्याचा जोडीदार कुठे पळाला? ती टकामका बघायची. नवव्या दिवशी म्हणाली, "बादलीत पोहतोय." हसता हसता मला रडूच फुटलं.

आता बोलते, आणि बोलते ती थेट तुझ्यासारखी. काल मी दारातच बसकण मारली, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दमलं का गं माझं बाळ?" आई गेल्यावर मी शाळेतून आले की तू हेच म्हणायचीस. मी विसरूनच गेले होते.

मग तिनं विचारलं, मावशी का येत नाही? मला खोटं सांगवेना. म्हटलं, तुझी आई तिला टाकून बोलली म्हणून. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग सॉरी म्हण की." फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. चुकलं माझं, ताई. येत्या रविवारी ये.

तुझीच,
धाकटी