एकेचाळीस वह्या आणि गजराबाईंचे घर

मी, महेश्वरी शांतलिंग बिराजदार, वय ७२, धंदा प्रवासलेखन, राहणार उमरगा, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण वकीलसाहेब म्हणाले की कायद्याला गुडघे लागत नाहीत. कुणाचे दडपण नाही, कुणाची फूस नाही.

कलम १. उमरग्याचे घर माझा मुलगा अमरनाथ याला. विकावेसे वाटले तर त्याने खुशाल विकावे. त्याचे वडील ट्रक चालवायचे आणि मी शेजारी बसून मुलूख पाहायचे, म्हणून हे पोर आत्याकडे वाढले. शाळेत कुणी विचारले तर "आई गाडीवर गेलीया" असे छाती फुगवून सांगायचे. मोठेपणी त्याने मला कधी एका शब्दाने ऐकवले नाही. बाळा, हे मी विसरलेले नाही.

कलम २. ट्रकमधली फळी माझी नात राजनंदिनी हिला. ट्रक केव्हाच भंगारात गेला. माझे पती शांतलिंग यांनी मला लिहिता यावे म्हणून केबिनमध्ये ठोकलेली ही फळी तेवढी मी काढून घेतली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर याच फळीवर माझी तीन पुस्तके झाली. खड्डा दिसला की ते आधीच सांगायचे, "पेन उचल." बायकोला गाडीवर घेऊन हिंडतो म्हणून ढाब्यावरचे लोक त्यांना हसायचे, आणि ते शांतपणे माझ्यासाठी दुसरा चहा मागवायचे. असा नवरा मिळाला, मी भरून पावले.

कलम ३. ज्या संपादकांनी माझे पहिल्या वर्षाचे लेख पतीच्या नावाने छापले, कारण बाईमाणूस ट्रकमधून फिरते हे म्हणे वाचकांना पटणार नव्हते, त्यांना माझ्या तिन्ही पुस्तकांची एकेक प्रत पोचवावी. मुखपृष्ठावरचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि चहा न घेता परत यावे.

कलम ४. माझ्या एकेचाळीस वह्या राजनंदिनीला. खरे तर हे मृत्युपत्र मी या कलमासाठीच लिहीत आहे. वह्यांत प्रत्येक गावाच्या पानावर सगळ्यात वर, मला तिथे पहिले गूळपाणी कुणी दिले त्याचे नाव आहे. किल्ला, देऊळ, बाजार सगळे त्याखाली. ही माझी लिहिण्याची रीत, आणि याच रीतीने मी एक घर बंद पाडले.

नळदुर्गजवळ आमचा टायर फुटला, त्या दुपारी गजराबाई सुरवसे यांनी आम्हा दोघांना शेतातल्या घरी बोलावून भाकरी-पिठले वाढले. मी लेख लिहिला. त्यांचे नाव दिले, चिंचेपासून डावीकडे वळायचे हेही दिले, आणि वर लिहिले की या दारातून कुणी उपाशी जात नाही. मग दर रविवारी गाड्या यायला लागल्या. लोक लेखाचे कात्रण दाखवून जेवायला बसायचे. दारात आलेल्याला नाही म्हणणे गजराबाईंना ठाऊकच नव्हते. दोन वर्षे त्या भाकऱ्या थापत राहिल्या. उजवा खांदा गेला, तेव्हा घराला कुलूप लावून लेकीकडे येरमाळ्याला गेल्या. तोवर मी वाचकांची कौतुकाची पत्रे चारचौघांत वाचून दाखवत होते.

कळल्यावर येरमाळ्याला जाऊन मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "आधी जेवून घे." लेखाबद्दल त्यांनी तेव्हा अवाक्षर काढले नाही, आजपर्यंत काढलेले नाही. त्यांनी मला माफ केले की नाही हे मला माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय डोळे मिटायची माझी तयारी नाही.

तेव्हापासून छापायला देताना मी माणसाचे नाव लिहिले तर गाव लिहीत नाही आणि गाव लिहिले तर माणसाचे नाव लिहीत नाही. राजनंदिनी मोबाईलवर प्रवासाचे व्हिडिओ करते, हजारो लोक ते बघतात. तिने वह्या याच अटीवर घ्याव्यात. तसेच माझ्या ज्या पुस्तकात गजराबाईंवरचा लेख आहे, त्याच्या नव्या आवृत्तीतून तो काढून टाकावा.

कलम ५. माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या गजराबाईंना, असे मी लिहिले होते. ते आज सकाळी रद्द केले. मसुदा ऐकायला त्यांना येरमाळ्याहून मुद्दाम आणले होते. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, साक्षीदारानं काय करायचं असतं. मी सांगितले की हिने शुद्धीत राहून आपल्यासमोर सही केली, एवढे सांगायचे. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला न राहिलेले बरे. त्यावर गजराबाई म्हणाल्या, "पाटल्या नातीला घाल. मला साक्षीला घे." म्हणून पाटल्याही राजनंदिनीला.

वरचे सगळे मोठ्याने वाचले, मला पटले, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

सही: महेश्वरी शांतलिंग बिराजदार
ठिकाण: उमरगा, जि. धाराशिव
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार
१. सिद्रामप्पा कलशेट्टी, शेजारी, उमरगा. (सही)
२. गजराबाई हरिबा सुरवसे, सध्या राहणार येरमाळा. (निशाणी अंगठा)

वकीलसाहेब गरज नाही म्हणत असताना साक्षीदार क्रमांक दोन यांनी अंगठ्याखाली लिहायला लावले ते असे: "हिनं माझ्या घराचं लिवल्यालं खरं हाय. त्यो लेख पुस्तकातनं काढू नका."